सोसायटीतल्या घरांचा वीजवापर कमी करायचा असेल, तर आधी मोजून दाखवावे लागते

तुम्ही ठाण्यातील १२० सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर काम करता. गेल्या वर्षभरात तुम्ही वीजबचतीवर एक व्याख्यान ठेवले, लिफ्टमध्ये फलक लावले, व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूचना पाठवल्या आणि मुलांची चित्रकला स्पर्धाही घेतली. तरीही कुणाच्या घरात काही बदलल्याचे दिसत नाही. त्यामुळे रहिवाशांना या विषयाची फिकीरच नाही, की समितीचेच काही चुकते आहे, असा तुमचा प्रश्न आहे. मी गेली २२ वर्षे ऊर्जा लेखापरीक्षणाचे, म्हणजे वीज कुठे आणि किती खर्च होते हे मोजून तपासण्याचे, काम करतो. सुरुवातीची वर्षे कारखान्यांत गेली आणि नंतरची बरीचशी वसाहतींमध्ये आणि घरांमध्ये. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

रहिवाशांना फिकीर नसते, असे मला कधीच आढळलेले नाही. वाढलेल्या बिलाबद्दल बोलायला प्रत्येक घर तयार असते. अडचण अशी, की घरातली वीज नेमकी कुठे जाते, हे कुणालाच दिसत नाही. वाण्याने महिन्याचे सगळे सामान घरी पाठवावे आणि चिठ्ठीवर एकाही वस्तूचा भाव न लिहिता फक्त एकूण रक्कम लिहावी, तर काटकसर तेलात करायची की साखरेत, हे कुणी कसे ठरवावे? विजेचे बिल ही अशीच चिठ्ठी आहे. दुसरी अडचण खटाटोपाची. पंखा बदलायचे मनात आले, तरी कोणता घ्यावा हे ठरवायचे, इलेक्ट्रिशियनच्या मागे लागायचे, त्याच्या वेळेला घरी थांबायचे आणि जुन्या पंख्याचे काय करायचे तेही पाहायचे. या सगळ्यापायी चांगला विचार वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो. तुमचे व्याख्यान आणि फलक या दोन्ही अडचणींना हात घालत नाहीत. त्यांतून फक्त इच्छा जागी होते आणि ती बहुतेकांच्या मनात आधीच असते.

म्हणून माझा सल्ला असा, की उपदेश पूर्णपणे थांबवा. प्रत्येक घराला त्याचा स्वतःचा आकडा दाखवा, आणि त्यातून जे काम निघेल ते शेवटच्या स्क्रूपर्यंत पूर्ण करून देण्याची जबाबदारी समितीने उचला.

आकडा दाखवणे म्हणजे काय, हे एका प्रसंगावरून सांगतो. एका इमारतीत एक वृद्ध दांपत्य राहत होते. घरात एसी नव्हता आणि माणसेही दोनच, तरी बिल महिन्याला २४० युनिटच्या आसपास येत होते. मीटरच सदोष आहे, अशी आजोबांची पक्की समजूत होती. मी त्यांना तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत घेऊन गेलो आणि आजींना फोनवरून घरातले दिवे, पंखे, टीव्ही असे सगळे बंद करायला आणि फ्रिजची पिनही काढून ठेवायला सांगितले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेले असते. त्यांच्या मीटरवर तो आकडा ३,२०० होता. आजी वरून म्हणाल्या, “सगळं बंद केलंय हो.” आम्ही घड्याळ धरून उभे राहिलो. दिवा दर १५ सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. म्हणजे तासाला २४० वेळा, म्हणजेच सुमारे ७५ वॅट. सगळे बंद असलेल्या घरात रात्रंदिवस ७५ वॅटचा एक पंखा चालू असल्यासारखे ते होते, आणि त्याचे महिन्याचे ५४ युनिट होत होते.

मग वर जाऊन आम्ही सॉकेटमध्ये बसवायच्या छोट्या वॅटमीटरने एकेक वस्तू तपासली. रिमोटने ‘बंद’ केलेले दोन सेट-टॉप बॉक्स प्रत्येकी १२ वॅट घेत होते. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली होती आणि ती चार्ज ठेवण्यातच ३५ वॅट जात होते. राउटरचे आणि एका जुन्या म्युझिक सिस्टिमचे मिळून १६. टीव्हीमागचा स्विच कपाटाआड गेला होता, त्यामुळे तो वर्षानुवर्षे कुणी बंदच केला नव्हता. आम्ही हाताशी येईल असा स्विचचा एक्स्टेन्शन बोर्ड बसवला. त्याने महिन्याला साधारण १८ युनिट कमी झाले असतील. हा आकडा काही फार मोठा नाही. पण त्याच दुपारी आजींनी आपण होऊन विचारले, “आणि गिझरचं कसं बघायचं?” तोपर्यंत मी त्यांना एकही सल्ला दिलेला नव्हता. ज्या घरात हा प्रश्न आतून येतो, तिथे पुढचे काम आपोआप सोपे होते.

हे मोजमाप करायला लेखापरीक्षकाची गरज नाही. वॅटमीटर फार महाग नसतो. सोसायटीने दोन विकत घेऊन वाचनालयातील पुस्तकाप्रमाणे घरोघरी फिरवावेत. आठवी-नववीतली दोन मुले सोबत असली, तर उत्तमच, कारण वॅटचे युनिट आणि युनिटचे रुपये करणे त्यांना जमते आणि शेजारचे मूल मोजायला आले, तर लोक दार आनंदाने उघडतात. मात्र मुलांनी पिन लावलेल्या साध्या उपकरणांपुरतेच राहावे. गिझर, एसी आणि वायरिंगला हात फक्त परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच लावावा. जुन्या घरांत गिझरचे अर्थिंग तुटलेले मला अनेकदा आढळले आहे. तसे दिसले, तर बचतीचा विषय बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करून घ्यावे.

सांगताना एक पथ्य पाळा. प्रत्येक गोष्ट तिच्या आकाराइतकीच सांगा. “मोबाइलचा चार्जर काढून ठेवा” हा सल्ला तुमच्याही फलकावर असेल. मोबाइल न लावलेला आजचा चार्जर अर्ध्या वॅटहूनही कमी घेतो आणि त्याचे वर्षाचे तीन-चार युनिटही होत नाहीत. १० वॅटचा सेट-टॉप बॉक्स मात्र वर्षाला सुमारे ८८ युनिट खातो. जो माणूस वर्षभर नेमाने चार्जर काढतो आणि तरी बिलात फरक दिसत नाही, तो पुढच्या वेळी तुमचे खरे सांगणेही ऐकत नाही. गिझरचेही तसेच आहे. “दोन किलोवॅटचा गिझर दोन तास चालू राहिला म्हणजे चार युनिट गेले” असे सर्रास सांगितले जाते. पण पाणी तापल्यावर थर्मोस्टॅट वीज तोडतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागते, आणि त्यानंतर टाकीतून उष्णता जाते तेवढीच भर पडते. म्हणून गिझरमधली बचत थर्मोस्टॅटवर ठरवलेले तापमान खाली आणण्यात आणि कमी गरम पाणी वापरण्यात आहे. अतिशयोक्ती करणारा सल्लागार एकदा उघडा पडला, की ती इमारत कायमची हातची जाते, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिले आहे.

ठाण्यासारख्या दमट हवेत माझ्या मते सर्वांत चांगली सुरुवात छताच्या पंख्यापासून होते. साधा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी) या कमी वीज घेणाऱ्या मोटरचा ३० वॅटच्या आसपास. दिवाणखान्यातला पंखा रोज १४ तास आणि वर्षातले ११ महिने चालतो असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे २०० युनिट वाचतात. आता या २०० युनिटांची किंमत किती, हे ठरवताना बहुतेक जण चूक करतात. ते बिलाच्या रकमेला एकूण युनिटांनी भागतात आणि सरासरी दर काढतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि १०० च्या पुढच्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट असतो. वाचलेले युनिट नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होते, त्यामुळे त्याची किंमत सरासरीपेक्षा जास्त असते. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्कही वाचते. दर बदलत राहतात, म्हणून प्रत्येक घराने आपल्या ताज्या बिलावरूनच हिशेब करावा. उदाहरणापुरते युनिटला १२ रुपये धरले, तर एक पंखा वर्षाला २,४०० रुपये वाचवतो, म्हणजे त्याची किंमत वर्ष-सव्वा वर्षात वसूल होते. हे गणित सर्वसाधारण तक्त्यात न देता त्या घराच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर, त्यांच्यासमोर बसून पेनाने मांडा. छापील तक्ता कुणी वाचत नाही. स्वतःच्या बिलावरचे गणित मात्र फ्रिजवर चिकटवलेले मी पाहिले आहे.

याच गणिताची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगा. महिन्याला ७०-८० युनिट वापरणाऱ्या घराला स्वस्त दर लागतो आणि त्यांचा पंखाही कदाचित सहाच तास चालत असतो. त्यांना नवा पंखा घ्यायला लावू नका. “तुमचा वापर आधीच कमी आहे, जुना पंखा बंद पडेल तेव्हा हा घ्या” एवढेच सांगा. अशा एका घराला तुम्ही काही विकले नाही, ही गोष्ट दहा घरांत पोहोचते.

पंखा बदलताना लोक प्रत्यक्षात कुठे अडतात, हे समितीला आधीच ठाऊक असले पाहिजे. बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर नीट चालत नाही. रेग्युलेटर काढून टाकावा लागतो किंवा कायम पूर्ण वेगावर ठेवावा लागतो. मग वेग कमी-जास्त करायला उरतो रिमोट, आणि ज्येष्ठांना रात्री अंधारात रिमोट शोधणे जिकिरीचे वाटते. कित्येक घरांत नवा पंखा केवळ या कारणासाठी नापसंत झाला आहे. यावर साधे उपाय आहेत. रिमोटसाठी पलंगाच्या उशाशी भिंतीवर छोटा कप्पा बसवता येतो, किंवा भिंतीवरच्या स्विचनेच वेग बदलणारे मॉडेल घेता येते. शिवाय हवा कमी लागेल, अशी शंका प्रत्येकाला असते. तिचे निरसन बोलून होत नाही. सोसायटीच्या कार्यालयात एक जुना आणि एक नवा पंखा शेजारी-शेजारी लावा, खाली खुर्च्या ठेवा आणि लोकांना बसू द्या. इन्व्हर्टर असलेल्या घरांना आणखी एक गोष्ट दाखवा. वीज गेल्यावर तीच बॅटरी नव्या पंख्यावर दुपटीहून अधिक वेळ टिकते. बिलाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा या एका मुद्द्यावर पंखे घेतलेली घरे माझ्या माहितीत अधिक आहेत.

त्यानंतर काम उरकण्याचा दिवस ठरवा. नोंदणी आधी, खरेदी एकत्र आणि मग एका रविवारी दोन इलेक्ट्रिशियन सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेका मजल्यावर, अशी आखणी असावी. जुने पंखे त्याच दिवशी खाली आणून भंगारवाल्याला द्यावेत आणि आलेली रक्कम नव्या पंख्याच्या किमतीतून वळती करावी. जुना पंखा घरात राहिला, तर तो दुसऱ्या खोलीत लागतो. एकत्रित खरेदीत किती ताकद असते, हे आपण एलईडीच्या बाबतीत पाहिलेले आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्राची उजाला योजना सुरू झाली. त्याआधी ३०० रुपयांच्या पुढे किंमत असलेले दिवे मोठ्या प्रमाणावर एकत्र खरेदी केल्याने काही वर्षांतच १०० रुपयांच्या खाली आले आणि ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. लोकांचे मन वळवण्यासाठी तेव्हा फारसे भाषण करावे लागले नाही. दिवा स्वस्त होता, वीजबिल भरायच्या ठिकाणीच मिळत होता, बिघडला तर बदलून मिळत होता आणि अनेक ठिकाणी त्याची किंमत बिलातून हप्त्याने फेडता येत होती. तुमच्या सोसायटीनेही पंख्याची रक्कम मासिक देखभाल शुल्कासोबत सहा हप्त्यांत घेण्याची सोय केली, तर नोंदणी करणाऱ्यांची संख्या निश्चित वाढेल. मात्र त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या आणि हा हिशेब देखभाल निधीपासून वेगळा ठेवा.

घराघरांची तुलना करावी का, असेही तुम्ही विचारले आहे. करावी, पण फार सांभाळून. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथील सुमारे ३०० घरांवर केलेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरांना त्यांचा वापर आणि शेजाऱ्यांची सरासरी कळवली, तेव्हा जास्त वापरणाऱ्यांचा वापर कमी झाला. पण सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांचा मात्र वाढला. आपण उगाचच हात आखडून वागतो आहोत, असे त्यांना वाटले असावे. कमी वापरणाऱ्यांच्या पत्रावर शाबासकीचा हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. पुढे अमेरिकेत लाखो घरांना अशी तुलनापत्रे पाठवली गेली आणि सरासरी बचत दोन टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे तुलना उपयोगी आहे, परंतु तिच्यावर फार मोठी भिस्त ठेवता येत नाही.

माझी स्वतःची चूक इथे सांगणे मी कर्तव्य समजतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सोसायटीत माझ्याच सूचनेवरून सूचनाफलकावर सर्वाधिक वीज वापरणाऱ्या दहा सदनिकांचे क्रमांक लावले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एका घरातल्या काकू मला भेटायला आल्या. त्यांच्या पतीला चोवीस तास ऑक्सिजन काँसन्ट्रेटरवर ठेवले होते. ते यंत्र सुमारे ३५० वॅट घेते, म्हणजे महिन्याला २५० युनिट तेवढ्याचेच. “आमच्याकडे कशाला एवढी वीज लागते, हे आता सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरू का?” एवढेच त्या म्हणाल्या. यादी त्याच दुपारी फलकावरून काढून टाकली, पण त्या दोघांना झालेला त्रास काही भरून निघाला नाही. तेव्हापासून मी कोणत्याही घराचा आकडा दुसऱ्या घराला दिसू देत नाही. बंद पाकिटात तीनच गोष्टी असाव्यात. त्या घराचा वापर, तेवढ्याच खोल्या आणि तेवढीच माणसे असलेल्या घरांची सरासरी, आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यातला त्या घराचा वापर. मागच्या महिन्याशी तुलना कधीही करू नका. मार्च आणि एप्रिलमधला फरक हवेचा असतो, वागण्याचा नसतो. बिले मागतानाही ती ऐच्छिकच ठेवा. ३० घरांनी दिली, तरी सरासरी काढता येते.

एकत्र येऊन वापर कमी करण्याचे आपल्या राज्यातले उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. भारनियमनाच्या कठीण काळात, २००५ च्या सुमारास, ग्रामीण महाराष्ट्रात अक्षय प्रकाश योजना राबवली गेली. संध्याकाळच्या तासांत गावाने आपण होऊन शेतीपंप आणि इतर जड भार बंद ठेवायचे आणि त्या बदल्यात घरांतले दिवे, पंखे आणि टीव्ही यांना अखंड वीज मिळायची, असा तो करार होता. संयमाचे फळ त्याच संध्याकाळी, त्याच घरात दिसत होते आणि एकाने नियम मोडला, तर नुकसान सगळ्यांचे होते, म्हणून गाव स्वतःच लक्ष ठेवत होते. तुमच्या सोसायटीत असा थेट मोबदला उभा करायचा असेल, तर सामाईक बिलापासून सुरुवात करा. तुमच्या तळघरात आणि जिन्यांत जुन्या चोकच्या ४० ट्यूब असतील, तर त्या प्रत्येकी सुमारे ५० वॅट घेतात. २० वॅटच्या एलईडी ट्यूब बसवल्या, तर १२ तासांच्या वापरात दिवसाला १४ आणि महिन्याला ४३० युनिट कमी होतात. टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारा सेन्सर नसेल, तर तोही बसवा. यासाठी १२० घरांची मने वळवावी लागत नाहीत, एक ठराव पुरतो. वाचलेल्या रकमेतून काही दिसेल असे काम करा आणि ते कोणत्या पैशातून झाले, हे लिहा. समितीने आधी स्वतःचे घर नीट केले आहे, हे पाहिल्यावर लोक समितीला आपल्या घरात येऊ देतात.

आता एसी आणि उकाड्याविषयी. “सोसा” असे कुणालाही सांगू नका, विशेषतः लहान मुले आणि ज्येष्ठ असलेल्या घरांना. तेवढाच गारवा कमी विजेत कसा मिळेल, एवढेच सांगा. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना मुळात २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा नियमही १ जानेवारी २०२० पासून आहे. २६ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा, हा प्रयोग एकाच रात्रीपुरता करून पाहा, असे सुचवा. बहुतेक घरे तो पुढे चालू ठेवतात. नवा एसी घेणाऱ्यांना तारे मोजण्यापेक्षा लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचायला शिकवा. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात; जुलै २०२२ मध्ये ते बदलले, तेव्हा आदल्या वर्षीचा पाच तारे असलेला एसी चारवर आला. लेबलवरचा आकडा १,६०० तासांच्या वापराचा असतो. जो वर्षात फक्त दोन महिने, रात्री चार तास एसी लावतो, त्याचा वापर २४० तासच होतो, आणि त्याला पाच ताऱ्यांसाठी मोजलेली जादा किंमत कधीच परत मिळत नाही.

शेवटच्या मजल्यावरच्या घरांचा प्रश्न मात्र पंख्याने सुटत नाही. एप्रिल-मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो आणि तिथला एसी त्या स्लॅबशीच झगडत असतो. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग असेल, तर पृष्ठभागाचे तापमान १० अंशांहूनही अधिक खाली येऊ शकते. गच्ची सामाईक मालकीची असल्याने खर्च कुणी करायचा, यावरून हे काम अडते. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, आम्हाला काय उपयोग? माझा अनुभव असा, की हे काम गळतीप्रतिबंधक कामाला जोडले, तर सभेत मान्य होते, कारण गळती ही सगळ्यांचीच डोकेदुखी असते. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर पांढरा थर, हा क्रम चुकवू नका. कोकणपट्टीच्या पावसात त्या थरावर शेवाळ धरते आणि तो काळवंडतो, म्हणून दर फेब्रुवारीत गच्ची घासून घेण्याची तरतूद त्याच ठरावात करा. पश्चिमेच्या खिडक्यांबाबतही लक्षात ठेवा, की काचेच्या आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची चटई किंवा छज्जा अधिक उपयोगी पडतो, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा त्यातले थोडेच परत पाठवू शकतो.

भाडेकरूंची घरे तुमच्या हिशेबातून सुटू देऊ नका. पंख्याचा खर्च मालकाने करायचा आणि बिल भाडेकरूने भरायचे, अशी विभागणी असल्यामुळे तिथे कुणीच काही बदलत नाही. भाडेकरूला सांगा, की पंखा स्वतःचा घ्या, मालकाचा जुना पंखा माळ्यावर ठेवा आणि घर सोडताना अदलाबदल करा. पंखा पुढच्या घरी सोबत नेता येत असल्याने हे त्यांना परवडते. मालकाची लेखी संमती मिळवून देण्याचे काम समितीने करावे.

वेळ आणि माणसे यांबद्दलही थोडे. मोहीम फेब्रुवारीत सुरू करा, म्हणजे पंखे मार्चमध्ये लागतील आणि पहिला फरक एप्रिल-मेच्या मोठ्या बिलांत दिसेल. सोसायटीच्या सभेला येतात ते बहुतांशी पुरुष. गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचा रोजचा कारभार मात्र बहुतेक घरांत बायकांच्या हाती असतो, आणि त्या सभेत नसतात. ज्या सोसायट्यांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी वॅटमीटर ठेवून मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत एकेक वस्तू लावून दाखवली, तिथली नोंदणी सभेतल्या नोंदणीपेक्षा कितीतरी अधिक झालेली मी पाहिली आहे.

सौर ऊर्जेबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. अवश्य करा. फक्त ट्यूब आणि पंपाचे काम आधी उरका, म्हणजे कमी क्षमतेची यंत्रणा पुरेल, आणि पांढरा थर पॅनेलच्या खांबांआधी घालून घ्या, नंतर तिथे हात पोहोचत नाही.

पहिल्या वर्षाची अपेक्षा माफक ठेवा. मोजणीसाठी आधी १२ घरे निवडा, शक्यतो प्रत्येक विंगमधली आणि वेगवेगळ्या मजल्यांवरची. त्यांत समितीच्या सदस्यांची घरे चारांहून अधिक नकोत. वर्षअखेर ३५ घरांनी आपले सर्वांत जास्त चालणारे दोन-दोन पंखे बदलले, तरी वर्षाला सुमारे १४,००० युनिट कमी होतील आणि तेवढी वीज तयार करताना हवेत जाणारा १० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडही. नोंदणी करणाऱ्या घरांची फेब्रुवारी ते मे महिन्यांची गेल्या वर्षीची बिले आताच मागून ठेवा. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे एकच ताजे बिल पुरते.